रोजची गोळी कोणासाठी? एचआयव्हीच्या उपचारातील व्यक्ती आणि समाज

मधुमेहाच्या रुग्णाने औषध चुकवले तर नुकसान प्रामुख्याने त्याचेच होते. क्षयाच्या रुग्णाने औषध चुकवले तर घरातील इतरांनाही धोका पोहोचतो, पण तो उपचार सहसा काही महिन्यांत संपतो. एचआयव्हीच्या उपचारात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. औषध आयुष्यभर घ्यायचे असते, आणि ते नियमित घेतले की घेणाऱ्याचे आरोग्य तर टिकतेच, शिवाय त्याच्याकडून जोडीदाराला होणारा संसर्गही थांबतो. त्यामुळे ती गोळी घेतली जाते की नाही, याच्याशी दोघांचा संबंध येतो: घेणाऱ्या व्यक्तीचा, आणि साथ आटोक्यात आणू पाहणाऱ्या सार्वजनिक आरोग्ययंत्रणेचा. बहुतेक वेळा दोघांचे हित एकच असते. ते नेहमीच एक असते असे गृहीत धरले की मात्र चुका होतात, आणि अशा चुका झालेल्या आहेत. त्या कोठे झाल्या आणि कशा दुरुस्त झाल्या, हे पाहिले तर हा विषय पुष्कळ सोपा होतो.

औषध आयुष्यभर का घ्यावे लागते हे आधी समजून घ्यायला हवे. एचआयव्ही हा विषाणू सीडी-४ नावाच्या प्रतिकारपेशींमध्ये शिरतो, स्वतःचा आराखडा त्या पेशीच्या डीएनएमध्ये मिसळतो आणि पेशीकडूनच आपल्या प्रती तयार करून घेतो. एआरटी या नावाने ओळखली जाणारी औषधे या प्रक्रियेतले वेगवेगळे टप्पे रोखतात, म्हणून ती एकेकटी न देता एकत्र दिली जातात. काही महिन्यांत रक्तातील विषाणूचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतके खाली येते की चाचणीत तो आढळत नाही. पण विषाणू शरीरातून गेलेला नसतो. काही पेशींमध्ये त्याचा आराखडा निद्रिस्त पडून असतो, आणि तेथे नव्या प्रती तयारच होत नसल्यामुळे औषधाला रोखायला काही सापडत नाही. औषध थांबवले की यांतल्या काही पेशी जाग्या होतात आणि बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. सीडी-४ चांगले असताना, म्हणजे रक्तातील या पेशींची संख्या पुरेशी असताना, औषधाला सुट्टी देता येईल का, हे स्मार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत तपासले गेले. २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि सुट्टी घेणाऱ्या गटात गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. तेव्हापासून या प्रश्नावर पडदा पडला आहे.

औषध अधूनमधून घेतल्याचा धोका आणखी वेगळा आहे. विषाणू आपली नक्कल करताना सतत चुका करतो. रक्तात औषध पुरेसे असेल तर या चुकलेल्या प्रतींनाही वाढता येत नाही, पण औषधाची मात्रा अर्धवट असेल तर नेमक्या त्याच प्रती तगतात ज्यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही, आणि पुढे त्यांचेच राज्य होते. यालाच औषधरोध म्हणतात. एफाव्हिरेन्झसारख्या जुन्या औषधांच्या बाबतीत विषाणूत झालेला एकच बदल त्यासाठी पुरत असे. शिवाय गोळ्या बंद केल्यावर सोबतची औषधे लवकर उतरत आणि एफाव्हिरेन्झ मात्र रक्तात बराच काळ एकटेच रेंगाळत असे, त्यामुळे विषाणूला एकट्या औषधाविरुद्ध सराव करण्याची संधीच मिळे. रोधक झालेला विषाणू दुसऱ्याकडे गेला तर ते औषध त्या दुसऱ्या व्यक्तीलाही पहिल्या दिवसापासून उपयोगी पडत नाही. एका व्यक्तीच्या चुकलेल्या गोळ्यांकडे यंत्रणा समाजाचा प्रश्न म्हणून पाहते ती यासाठी, आणि ही काळजी खोटी नाही.

मात्र या काळजीतून जन्मलेला एक आकडा आपल्या काळापलीकडे टिकून राहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, तेव्हाची प्रोटीज इनहिबिटर या गटातील एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांपैकी ज्यांनी ९५ टक्के किंवा त्याहून अधिक डोस घेतले, त्यांच्यातच उपचाराला सर्वाधिक यश आले. त्या काळी दिवसातून दोन-तीन वेळा, खाण्याच्या वेळा सांभाळून मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आज डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेली एक गोळी दिवसातून एकदा घेतली जाते, ती एखाददुसरी चूक बरीच सहन करते आणि तिच्याविरुद्ध औषधरोध क्वचित तयार होतो. रोज न चुकता घेण्याचा सल्ला आजही योग्यच आहे, पण महिन्यात दोन गोळ्या विसरलेल्या माणसाला "आता उपचार फसणार" अशी भीती घालणे शास्त्राला धरून नाही. त्या भीतीचा परिणाम उलटाच होतो, कारण असा माणूस पुढच्या वेळी विसरलेल्या गोळ्यांबद्दल सांगतच नाही.

उपचाराचा सामाजिक उपयोग स्पष्ट व्हायला बराच काळ गेला. जानेवारी २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधील तज्ज्ञांनी जाहीर केले की, जिच्या रक्तात विषाणू किमान सहा महिने आढळलेला नाही आणि जिला दुसरा लैंगिक संसर्ग नाही, अशी औषध नियमित घेणारी व्यक्ती लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरवत नाही. त्यावर जगभर टीका झाली. २०११ साली एचपीटीएन ०५२ या चाचणीचे निष्कर्ष आले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांमध्ये, जेथे दोघांपैकी एकालाच संसर्ग होता तेथे, उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका पाहणीत ७८२ पुरुष-पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय सुमारे ७६,००० संबंध नोंदले गेले, आणि व्हायरल लोड दबलेला असताना जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही. "रक्तात आढळत नाही, म्हणून पसरतही नाही" हा आज यू इक्वल्स यू या नावाने ओळखला जाणारा संदेश या पुराव्यावर उभा आहे. वर्षानुवर्षे स्वतःला इतरांसाठी धोका समजून जगलेल्या माणसांवरचे किती मोठे ओझे त्याने उतरवले असेल, याची कल्पना आकडेवारीवरून येत नाही.

या कालक्रमात एक बारकावा आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराचे रक्षण होते हे २०११ मध्ये कळले होते. पण ज्याचे सीडी-४ अजून चांगले आहेत, ज्याला काही त्रास नाही, अशा माणसाला लगेच औषध सुरू करण्यात स्वतःचा किती फायदा आहे, याचा भक्कम पुरावा मिळाला तो २०१५ मध्ये, स्टार्ट या चाचणीतून. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच अशा जोडप्यांतील संसर्ग असलेल्या व्यक्तीला सीडी-४ न पाहता उपचार देण्याची शिफारस केली होती. म्हणजे मधल्या काळात काही लोकांना औषध सुचवले जात होते ते मुख्यतः दुसऱ्याच्या हितासाठी. यात गैर काही नाही, कारण आपल्या माणसाला जपण्यासाठी औषध घेणे ही पुष्कळांची मनापासूनची इच्छा असते. पण तसे असेल तर त्या व्यक्तीला तसेच स्पष्ट सांगायला हवे होते. स्टार्टच्या निष्कर्षांत लवकर उपचार घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजारांचे प्रमाण निम्म्याहून कमी झालेले दिसले, आणि त्याच वर्षी निदान होताच सर्वांना उपचार द्यावेत असे जागतिक धोरण ठरले. व्यक्तीचे आणि समाजाचे हित पुराव्याने जुळले, आणि त्या जुन्या नैतिक प्रश्नाची चर्चा जवळजवळ थांबली.

दरम्यान उद्दिष्टे आकड्यांत मांडली गेली. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने २०१४ मध्ये ९०-९०-९० हे लक्ष्य जाहीर केले. संसर्ग असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना तो माहीत असावा, त्यांच्यापैकी ९० टक्के उपचारावर असावेत आणि त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा व्हायरल लोड दबलेला असावा, असा त्याचा अर्थ. तिन्हींचा गुणाकार केला तर एकूण ७३ टक्के लोक सुरक्षित टप्प्यावर पोहोचतात. नंतरच्या ९५-९५-९५ या लक्ष्यात हा गुणाकार सुमारे ८६ टक्के होतो. यूएनएड्सच्या अंदाजानुसार २०२४ अखेर जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांतील ३ कोटी १६ लाख उपचारावर होते, आणि जगाचे तीन आकडे ८७, ८९ व ९४ टक्के असे होते. अशा लक्ष्यांमुळे सरकारांना निधी द्यावा लागतो आणि औषधे दूरवर पोहोचतात, म्हणून त्यांना नावे ठेवणे बरोबर नाही. अडचण येते ती हे आकडे धोरणाच्या कागदावरून तपासणीच्या खोलीत शिरतात आणि समोर बसलेली व्यक्ती भरून काढायचा रकाना होते तेव्हा.

मलावीचे उदाहरण पाहू. २०११ मध्ये या देशाने ठरवले की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर वा स्तनपान देणाऱ्या स्त्रीला सीडी-४ चाचणीची वाट न पाहता आयुष्यभराचा उपचार सुरू करायचा. प्रयोगशाळा थोड्या होत्या, अहवाल येईपर्यंत प्रसूतीही होऊन जाई, त्यामुळे हा निर्णय शहाणपणाचा होता. त्यातून असंख्य बाळे संसर्गापासून वाचली आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात दिसले की, या योजनेत गरोदरपणी उपचार सुरू केलेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर कधीच परत न येण्याचे प्रमाण, आजारपणामुळे किंवा सीडी-४ कमी झाल्यामुळे उपचार सुरू केलेल्या स्त्रियांच्या पाचपट होते.

या आकड्यामागची परिस्थिती समजायला कठीण नाही. एक स्त्री पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्यायला येते. तिला बरे वाटत असते. त्याच दिवशी तिला संसर्ग असल्याचे सांगितले जाते आणि त्याच दिवशी आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या हातात दिल्या जातात. घरी काय सांगायचे, गोळ्या कोठे ठेवायच्या, नवऱ्याने मारले किंवा हाकलले तर कोठे जायचे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नसते. नोंदवहीत मात्र ती "उपचार सुरू" या रकान्यात गेलेली असते. यावरचा उपाय योजना रद्द करणे हा नव्हता. एचआयव्हीसह जगणाऱ्या इतर मातांना सोबतीला देणे, जिला हवे तिला विचाराला वेळ देणे, घरातल्या परिस्थितीची आधी चौकशी करणे, असे मार्ग होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही निदानानंतर सात दिवसांच्या आत उपचार सुरू करावा आणि व्यक्तीची तयारी असेल तर त्याच दिवशी द्यावा, असे म्हटले आहे. "तयारी असेल तर" ही अट तेथे विचारपूर्वक घातलेली आहे, आणि गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी तीच गाळली जाते.

दुसरे उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे, कारण तेथे उपचाराची घाई झाली नाही, चांगला उपचार रोखून धरला गेला. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील जन्मनोंदींच्या पाहणीतून एक इशारा मिळाला. गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ बाळांपैकी चौघांमध्ये मज्जारज्जू व मेंदूच्या घडणीतील दोष आढळला होता, आणि एरवीच्या सुमारे हजारात एक या प्रमाणापेक्षा हे बरेच जास्त होते. इशारा गंभीर होता आणि तो जाहीर करणे आवश्यकच होते. पण त्यानंतर काही देशांत मूल होऊ शकेल अशा वयाच्या सरसकट सर्व स्त्रियांना हे औषध नाकारले गेले. ज्यांना मूल नको होते, ज्या गर्भनिरोधक वापरत होत्या, ज्यांना एफाव्हिरेन्झ या जुन्या औषधाने वाईट स्वप्ने आणि चक्कर यांचा त्रास होत होता, त्याही त्यात आल्या. पुरुषांना चांगले औषध आणि स्त्रियांना जुने, अशी विभागणी झाली. जुलै २०१८ मध्ये किगाली येथे जमलेल्या आफ्रिकेतील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी या सरसकट बंदीला विरोध केला आणि संपूर्ण माहिती देऊन निवड आमच्यावर सोपवा अशी मागणी केली. अधिक जन्मांच्या नोंदी जमल्या तसा तो धोका लहान होत गेला, जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांसह सर्वांना हे औषध प्रथम पसंतीचे म्हणून सुचवले, आणि पुढच्या नोंदींत इतर औषधांच्या तुलनेत फरक उरला नाही. धोका खरा ठरला असता तरी त्या स्त्रियांची मागणी बरोबरच ठरली असती, असे माझे मत आहे. संभाव्य बाळाचा धोका आणि स्वतःच्या आयुष्याचा धोका यांचे वजन करण्याचे काम त्या स्त्रीचे आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती तिला समजेल अशा शब्दांत देण्याचे काम यंत्रणेचे.

मग नियमितपणा टिकवायचा कसा? सुचणारा पहिला मार्ग म्हणजे नजर ठेवणे. क्षयरोगाच्या उपचारात आरोग्यसेवकासमोर गोळी घेण्याची पद्धत आहे, म्हणून ती एचआयव्हीतही वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा, स्वतःहून गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत समोर बसवून गोळ्या दिल्याचा फायदा दिसला नाही. सहा महिने कोणाच्या नजरेखाली काढता येतात, चाळीस वर्षे काढता येत नाहीत. गोळ्या मोजण्याचेही तसेच आहे. मोजणी ही परीक्षा वाटू लागली की उरलेल्या गोळ्या घरीच राहतात आणि डबी रिकामी येते, त्यामुळे डॉक्टरांना खरी अडचण कळण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. एके काळी या सगळ्याला इंग्रजीत "कम्प्लायन्स" म्हणजे आज्ञापालन म्हणत. तो शब्द मागे पडून "ॲडहिअरन्स" रुळला, ज्याला आपण सातत्य म्हणतो. शब्द बदलला तरी खोलीतला सूर पुष्कळदा तोच राहिलेला असतो.

जे खरोखर उपयोगी पडले ते बरेच साधे आहे. मोझांबिकमधील तेते प्रांतात २००८ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे छोटे गट तयार झाले. दर महिन्याला गटातील एकच जण दवाखान्यात जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सर्वांची औषधे घेऊन येई. प्रत्येकाची मैलोन्‌मैल पायपीट आणि बुडणारी मजुरी वाचली, दवाखान्यातली गर्दी कमी झाली, आणि गोळी का चुकली हे विचारणारा माणूस स्वतः तीच गोळी घेणारा होता. पुढे तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम तीन ते सहा महिन्यांची औषधे देण्याची शिफारस झाली, आणि कोविडच्या काळात ती झपाट्याने अमलात आली. माणसे बेफिकिरीने गोळ्या चुकवतात हा समज येथे उघडा पडतो. गोळ्या संपलेल्या असतात आणि सुट्टी मिळत नाही, प्रवासात डबी कोणाला दिसेल अशी भीती असते, मन खचलेले असते, घरात खायला नसते. यांतले बरेचसे यंत्रणेला बदलता येते, आणि ते बदलले की व्यक्तीची सोय आणि समाजाचे उद्दिष्ट एकाच वेळी साधते.

तरीही सगळेच प्रश्न असे जुळून सुटत नाहीत. सर्व समजून घेऊनही एखादी व्यक्ती आज औषध नको म्हणते तेव्हा काय करायचे? माझ्या मते तिचा नकार मान्य करावा, दार उघडे ठेवावे, आणि जोडीदाराच्या रक्षणाचे इतर मार्ग तिच्यासमोर मांडावेत. कंडोम आहेत, आणि संसर्ग नसलेल्या व्यक्तीने घ्यायचे प्रेप हे प्रतिबंधक औषधही आहे. साथ रोखण्याचा सगळा भार संसर्ग झालेल्याच शरीरावर टाकण्याची आज गरज उरलेली नाही, हे धोरणांच्या चर्चेत फार कमी बोलले जाते. स्तनपानाचा प्रश्न याहून अवघड आहे. आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर दुधातून संसर्गाची शक्यता एक टक्क्याहून कमी असते, पण शून्य आहे असे म्हणता येत नाही. म्हणून जेथे वरचे दूध सुरक्षितपणे देता येते, तेथे स्तनपानाला अनेक वर्षे सरळ मनाई होती. लपूनछपून दूध पाजणाऱ्या आया मग सल्ल्यालाही येत नसत. अमेरिकेच्या २०२३ मधील मार्गदर्शनात ही मनाई मागे घेऊन, आईबरोबर चर्चा करून निर्णय घ्यावा अशी भूमिका आली. येथे बाळाचे हितही आहे आणि ते बाळ बोलू शकत नाही, त्यामुळे आईची निवड एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. पण जी आई उघडपणे बोलू शकते तिच्या औषधावर आणि तपासण्यांवर लक्ष ठेवता येते. जी भीतीने लपवते तिच्या बाळाला मनाईचा काहीच उपयोग नसतो.

यू इक्वल्स यू या संदेशाचीही एक बाजू जपून हाताळावी लागते. ज्यांचा व्हायरल लोड काही कारणाने दबत नाही, त्यांना हा संदेश ऐकताना आपण नापास झाल्यासारखे वाटू शकते. व्हायरल लोड वाढला तर तो आधी प्रश्न म्हणून घ्यावा: औषधरोध आहे का, क्षयाच्या एखाद्या औषधाने एचआयव्हीच्या औषधाचा परिणाम कमी झाला का, गोळ्या मिळत होत्या का, घरात काय चालले आहे. आरोप म्हणून घेतला तर पुढच्या तपासणीला माणूसच येत नाही.

आणि जो येत नाही तो हिशेबातून कसा गळतो, ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या केंद्रात हजार लोकांचा व्हायरल लोड तपासला आणि नऊशे जणांचा दबलेला निघाला, तर त्या केंद्राचे यश ९० टक्के होते. उरलेल्या शंभरांपैकी ऐंशी जण बोलणी खाऊन येणेच बंद झाले, तर पुढच्या वर्षी ९२० पैकी ९०० म्हणजे जवळजवळ ९८ टक्के यश दिसते. कोणाचीही तब्येत सुधारलेली नसते, ऐंशी जण बिनउपचाराचे झालेले असतात, आणि समाजातला संसर्ग वाढण्याची शक्यता वाढलेली असते, तरीही तक्त्यात केंद्र पहिल्यापेक्षा उजवे ठरते. देशाच्या पातळीवर ही गळती तीनपैकी दुसऱ्या आकड्यात दिसते, पण केंद्राला शाबासकी मिळते ती तिसऱ्या आकड्यावर. म्हणून सोडून गेलेल्यांना भाजकात ठेवूनच केंद्राचे यश मोजावे, आणि परत आलेल्यांची संख्या स्वतंत्रपणे नोंदवावी, असा माझा आग्रह आहे. खंड पडून परतलेल्या माणसाची अवस्था बऱ्याचदा नाजूक असते. त्याचे सीडी-४ त्याच भेटीत तपासायला हवेत, कारण ते २०० च्या खाली गेले असतील तर क्षय आणि मेंदूच्या बुरशीजन्य संसर्गाचा शोध लगेच घ्यावा लागतो. औषधही शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू करायला हवे. इतके दिवस का आला नाहीस, हा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही तरी चालते. परत यायला काय उपयोगी पडले, हे विचारावे, आणि ते त्याच्या कागदावर लिहून ठेवावे.